बाहेर महाराष्ट्राची बाजू घेते, गावी गेलं की चिडते

पत्र:

ताई, मी अडतीस वर्षांची. मूळची औसा तालुक्यातली, जिल्हा लातूर. शिक्षण पुण्यात झालं. नोकरी आणि संसार बेंगळुरूत, तेरा वर्षं झाली. नवरा कराडचा. इथे ऑफिसात कोणी महाराष्ट्राबद्दल वाकडं बोललं की मी तुटून पडते. मागे भाषेवरून मुंबईकडे झालेल्या मारहाणीचे व्हिडिओ जेवणाच्या टेबलावर फिरत होते, तेव्हा मी अर्धा तास एकटी भांडले. खरं तर मला स्वतःलाच ते व्हिडिओ बघवले नव्हते.

आणि गावी गेलं की चौथ्या दिवशी मला परतीची गाडी दिसायला लागते. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स, नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आरक्षणावरून दोन तट, आणि नवीन माणूस भेटला की आधी आडनाव विचारणार. मी काही बोलले की भाऊ म्हणतो, "तुला काय, तू बेंगलोरवाली." नवरा म्हणतो, तू दुटप्पी आहेस. त्याला पुण्यात फ्लॅट बुक करायचाय, "आपल्या राज्यात परत जाऊ" म्हणतो. पुण्यात होस्टेलवर माझ्या "काय करलालाव"ची चार वर्षं नक्कल झाली. मला तिथे "परत" जावंसं वाटत नाही, आणि बेंगळुरूत म्हातारं व्हावंसंही वाटत नाही. मुलगा सात वर्षांचा आहे. मराठी बोलतो, वाचत नाही. परवा विचारत होता, आपण कुठले? माझं महाराष्ट्रावर प्रेम आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय.

ता. क. दीड वर्षापूर्वी वडील गेले. भाऊ हक्कसोडपत्रावर सही कर म्हणतोय. त्याचा याच्याशी संबंध नाही, पण डोक्यात तेही चालू असतं.

औशाची लेक, बेंगळुरू

उत्तर:

औशाच्या लेकी,

नवऱ्याच्या त्या "दुटप्पी"चा निकाल आधी लावते, म्हणजे पुढचं बोलायला आपण मोकळ्या. आपल्या माणसांवर आपण चिडायचं आणि बाहेरच्याने तेच म्हटलं की त्याच्या अंगावर जायचं, ही जगाची रीत आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. सासूबद्दल सतरा तक्रारी असलेली बाईसुद्धा शेजारणीने सासूला नावं ठेवली की पदर खोचून उभी राहते. तेव्हा त्या बाबतीत निवांत असा.

जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग मात्र मला खटकला. जे तुम्हाला बघवलं नाही, त्याचीच तुम्ही अर्धा तास वकिली केलीत. कशासाठी? समोर बसलेले मराठी नव्हते म्हणून. खरं तर २०२५ च्या उन्हाळ्यात काय झालं ते तुम्हाला धडपणे सांगता आलं असतं. एप्रिलमध्ये सरकारने पहिलीपासून हिंदी आणायचा शासन निर्णय काढला, जूनमध्ये तो जरा सौम्य करून पुन्हा काढला, आणि विरोध इतका वाढला की २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घ्यायची वेळ आली. पहिलीतल्या पोरावर तीन भाषांचं ओझं नको, हे म्हणणं रास्त होतं, आणि ते म्हणणाऱ्यांत शिक्षक होते, भाषेचे अभ्यासक होते, साधे पालक होते. त्याच दिवसांत एखाद्या दुकानदाराच्या कानाखाली वाजवणं ही गुंडगिरी होती. ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलता येतात. "विरोध मला पटला, मारहाणीची लाज वाटली," एवढं म्हणायचं आणि डबा संपवायचा. तुम्हाला महाराष्ट्राची प्रवक्ती म्हणून कोणी नेमलेलं नाही. प्रत्येक उद्दामपणाचा खुलासा तुम्ही देत बसलात, तर उद्या खरोखर बाजू घ्यायची वेळ येईल तेव्हा तुमचं कोणी ऐकणार नाही.

एक चिमटा काढते, रागावू नका. तुमच्या पत्रात बेंगळुरूचं ऑफिस आहे, तिथलं टेबल आहे, तेरा वर्षं आहेत. कन्नडचं नाव कुठेही नाही. तेरा वर्षांत गाडी "स्वल्प स्वल्प"च्या पुढे गेली नसेल, तर मुंबईत राहून मराठी न शिकणाऱ्यांबद्दल बोलताना आवाज जरा खालच्या पट्टीत लावावा. लातूरच्या माणसाला कन्नड तशी परकीही नाही, ते पुढे येईलच.

आता मूळ दुखणं. नवरा "महाराष्ट्र" म्हणतो आणि तुम्हीही "महाराष्ट्र" म्हणता, पण दोघांच्या मनात एकच प्रदेश नाही. त्याचं गाव कराड. कृष्णा-कोयनेचा संगम दारात, वर कोयनेचं धरण, सभोवती उसाची शेतं आणि सहकारी कारखाने. राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण त्याच गावचे, त्यांची समाधीही तिथेच. कराडच्या मुलाने १ मेला छाती फुगवून झेंडावंदनाला उभं राहावं, यात नवल नाही. त्याच्या घराला या राज्याने बरंच काही दिलं, तेही मागायच्या आधी.

तुमचे आजोबा बहुधा निजामाच्या हैदराबाद संस्थानात जन्मले असतील. सरकारी कागद उर्दूत, तालुक्याला गेलं की साहेबाची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. मग १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. औशातलं घर तिथेच, बांध तोच, विहीर तीच, आणि राज्य बदललं तीनदा. शेजारचं बिदर म्हैसूर राज्यात गेलं, म्हणजे आताच्या कर्नाटकात. ज्यांच्या सोयरिकी भालकीला, बसवकल्याणला होत्या, त्यांचे पाहुणे बसल्या जागी परराज्यातले झाले. औसेकरांच्या घरात "आपलं राज्य" ही गोष्ट कराडइतकी जुनी आणि पक्की असायचं कारणच नाही. तुमच्या मनात जी चलबिचल आहे ती तुमच्या स्वभावातून आलेली नाही, निदान सगळी तरी नाही. थोडी वारसाहक्काने आलेली आहे.

मराठवाड्यातली जुनी माणसं आजही एक गोष्ट ऐकवतात की आम्ही महाराष्ट्रात विनाअट आलो. मराठी भाषकांचं एक राज्य व्हावं म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्यांत वाटा देऊ असं लिहिलं होतं. घटनेत ३७१ (२) कलम आलं. त्याखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची वैधानिक विकास मंडळं व्हायला १९९४ उजाडलं, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली तेव्हा देश टाळेबंदीत होता. फारसं कोणी रडलंही नाही.

आणि २०१६. तुम्ही तेव्हा बेंगळुरूत होतात, पण आईवडील तिथे होते. लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी होऊन मारामाऱ्या होतील म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, थेट पावसाळ्यापर्यंत. देशभरच्या वाहिन्यांनी ती गाडी दाखवली आणि तुमच्या ऑफिसातल्या लोकांना लातूर हे नाव बहुधा त्याच आठवड्यात कळलं. याच पट्ट्यात साखर कारखाने आणि ऊस किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. नवऱ्याच्या महाराष्ट्राने त्याच्या शेताला पाटाचं पाणी दिलं आणि तुमच्या महाराष्ट्राने तुमच्या आईला प्यायचं पाणी मालगाडीने पाठवलं. त्याच्याइतकं सरळ प्रेम तुम्हाला जमत नसेल तर त्यात तुमचा काय दोष? आज रात्री जेवताना त्याला हे सांगा. "दुटप्पी" म्हणायच्या आधी तो जरा थबकेल.

पण एवढ्यावर थांबले तर मीही अर्धवटच बोलले असं होईल. तुम्ही अडतीस वर्षांच्या, म्हणजे १९९३ साली पाच-सहा वर्षांच्या असणार. किल्लारी तुमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली, आणि भूकंपाने जाड मातीच्या धाब्याची दगडी घरं अंगावर आली. काही सेकंदांत गावंच्या गावं बसली, हजारो माणसं गेली. त्यानंतर राज्यभरातून ट्रक आले. भाकऱ्यांची गाठोडी, औषधं, कपडे, डॉक्टर, कॉलेजची पोरं. ज्या पुण्याने तुमच्या बोलीची नक्कल केली त्या पुण्याहूनही आले, आणि कराड-सांगलीकडूनही. पन्नासेक गावं नव्या जागी वसली, रुंद रस्त्यांची, पक्क्या घरांची. त्या वसाहतींवरही टीका झाली, आणि ती बरोबर होती: जुन्या वाड्यांतली माणसं आखीव रांगांत राहायला गेली की गावपण कुठून राहणार? तरी राज्य म्हणून जे काही असतं ते त्या वर्षी औशाच्या दारात येऊन उभं राहिलं होतं. आणि मिरजेहून आलेलं पाणी कृष्णेचंच होतं, हेही विसरू नका. चीड आणि कृतज्ञता दोन्ही एकाच वहीत लिहिलेली आहेत. एक पान फाडलं की दुसरं सुटतं.

तुमच्या तक्रारींची यादी मी पुन्हा वाचली. फ्लेक्स, पाणी, ग्रुपमधले तट, आडनाव. यातलं पाणी सरकारचं. फ्लेक्स थोडे सरकारचे आणि जास्त आपल्याच भाच्या-पुतण्यांचे. आणि आडनाव? ते तर सर्वस्वी माणसांचं. तुम्ही या सगळ्याचं बिल महाराष्ट्राच्या नावाने फाडता, म्हणून ते फुगतं. शाळेच्या ग्रुपात एकमेकांच्या डब्यातलं खाल्लेली पोरं २०२३ नंतर एकमेकांना जात काढून बोलायला लागली, याचं दुःख खरं आहे. मराठवाड्यातल्या किती तरी ग्रुपांत तेच झालंय. तिथे भाषणं देऊ नका. ज्या दोघी-तिघी तुमच्या खरोखरच्या मैत्रिणी आहेत, दोन्ही तटांतल्या, त्यांना वेगवेगळे फोन करा आणि आरक्षण सोडून बाकी सगळं बोला. ग्रुप म्यूट केला तरी चालेल.

बेंगळुरूत कोणी आडनाव विचारत नाही, असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमागे ते आहेच. विचारतात हो. तिथेही भाड्याचं घर देताना विचारतात, लग्न जमवताना विचारतात, निवडणुकीत तर लिंगायत-वोक्कलिगांचं गणित रोज पेपरात मांडलेलं असतं. तुम्हाला ते वाचता येत नाही, एवढंच. परक्या गावाचं सुख असतं ते हेच, तिथली भांडणं आपल्याला कळत नाहीत. त्या सुखाशी तुलना करून औशाला नापास करू नका.

भावाच्या "तुला काय" बद्दल. मी कोकणातली, त्यामुळे हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकलेलं आहे. गणपतीला आलेला चाकरमानी दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीला अक्कल शिकवायला लागतो आणि गाववाले त्याला वरण-भात वाढत गालात हसतात. त्याचं म्हणणं पुष्कळदा बरोबर असतं. चुकतं ते एवढंच की तो आल्या आल्या सांगायला सुरुवात करतो, विचारत काही नाही. तुमचा भाऊ सोयाबीन करतो, असं धरून चालते. लातूर भागात दुसरं काय करणार? २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार-सव्वाचार हजाराला माल घालावा लागला. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस असा कोसळला की उभं सोयाबीन पाण्यात सडलं, कित्येकांची माती वाहून गेली. अशा माणसापुढे तुम्ही फ्लेक्सचा विषय काढलात तर तो आणखी काय बोलेल? पुढच्या वेळी पहिले दोन दिवस फक्त विचारा. पंचनामा झाला का, विम्याचं काय झालं, पाणी कुठवर चढलं होतं. मग तिसऱ्या दिवशी फ्लेक्सवर तोंडसुख घ्या. बघा, तोही सामील होईल. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चिडलेले लोक गावातच जास्त असतात, त्यांना फक्त तिथेच राहायचं असल्याने ते हळू बोलतात.

औशाचं माणूस आणि अख्ख्या पत्रात येळवस नाही, याचं मला नवल वाटलं. बाकी वाचकांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळा अमावस्या. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावं ओस पडतात, बाजारपेठ बंद, जिल्हाधिकारी स्थानिक सुटी देतात, आणि सगळी दुनिया रानात. ज्वारीच्या फडात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची. आंबिलीचं मडकं डोक्यावरून रानात न्यायचं. तूर, हरभरा, वाटाणा आणि हाताला लागतील त्या पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, उंडे, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतात हक्काचं बोलावणं. "ओलगे ओलगे" म्हणत पिकात पाणी शिंपडायचं आणि संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे चूड, घेऊन पिकाभोवती पळायचं. लातूरच्या माणसाला वर्षातून एकच दिवस सुटी मिळणार असेल तर तो दिवाळी सोडेल आणि येळवस धरेल.

आता गंमत बघा. हा सण मुंबईला ठाऊक नाही, पुण्याला नाही, तुमच्या नवऱ्याने लग्नाआधी नावही ऐकलं नसेल. पण कलबुर्गी, बिदर, विजयपूरकडे तीच अमावस्या, एळ्ळ अमावस्या, तशीच रानात जाऊन तसंच सगळं खाऊन करतात. ते "ओलगे" मराठी कानाला अनोळखी वाटतं, त्यांच्या कानाला वाटत नाही. तुमच्या ऑफिसात कलबुर्गीचं कोणी ना कोणी असणारच. त्याला भज्जी म्हणून बघा. तो तुम्हाला त्याच्या आजीच्या शेताबद्दल सांगेल, आणि दहाव्या मिनिटाला बेंगळुरूबद्दल कुरकुर करायला लागेल: सगळे पैसे इकडे, आमच्याकडे रस्ते नाहीत, आमच्या कन्नडला हे लोक हसतात. त्यांचा भाग निजामाकडचाच. त्यांनाही घटनेचं कलम मिळालंय, ३७१ (जे), आणि २०१९ पासून कल्याण कर्नाटक असं नवं नावही. यशवंतपूरहून लातूरला जाणारी तुमची गाडी बिदर, भालकी, उदगीर करत येते ना? सीमा कुठे ओलांडली ते खिडकीतून कळतं का तुम्हाला? राष्ट्रकूट राजे, ज्यांच्या दरबारात कन्नड वाढली, ते स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे लातूर. तुमच्या माहेरची माणसं बाराशे वर्षांपूर्वी कर्नाटकावर राज्य करून बसली आहेत आणि तुम्ही तिथे तेरा वर्षं पाहुणीसारख्या सोफ्याच्या कडेला टेकून आहात!

म्हणून मुलाने पुन्हा विचारलं, आपण कुठले, तर सरळ "औशाचे" म्हणा. राज्याचं नाव त्याला शाळेत कळेल. त्याला येळवशीला न्या, कोपीत बसवा, आंबील तोंडाला लागली की चेहरा वेडावाकडा करेल, करू द्या. वाचायचं म्हणाल तर त्याला घाबरू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर फुकट उतरवता येतात, आणि "किशोर" मासिकाचे १९७१ पासूनचे अंकही. रोज झोपताना अर्धं पान, बास. त्याला शाळेत कन्नड बहुधा असेलच. तो तुम्हाला कन्नड अक्षरं शिकवेल, तुम्ही त्याला मराठी वाचायला शिकवा. सात वर्षांच्या मुलाला आईला शिकवायला फार आवडतं, आणि चुकलं की रागवायला त्याहून जास्त.

फ्लॅटचं सांगते. नवऱ्याला पुणं जवळ आहे, कराडहून तीन तासांत पोचतो. औशाहून पुणं म्हणजे रात्रभराची बस. म्हणजे "आपल्या राज्यात परत" याचा त्याच्यापुरता अर्थ घरी परत, आणि तुमच्यापुरता दुसऱ्या एका परक्या शहरात, जिथे होस्टेलच्या आठवणी आहेत. हे त्याच्या लक्षात आलेलं नसणार. मुद्दाम करतोय असं मला वाटत नाही. घाईचं एकच व्यवहारी कारण असू शकतं, ते मुलाच्या शिक्षणाचं. पुढे राज्याच्या कोट्यातून वैद्यकीयसारखा प्रवेश हवा असेल तर सर्वसाधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते, अधिवासाचा दाखलाही लागतो. पण मुलगा सातच वर्षांचा आहे. त्या हिशेबानेही तुमच्या हातात पाच-सहा वर्षं आहेत. तोवर बेंगळुरूचं घर आणि नोकरी ठेवून पुण्यात एखादा उन्हाळा भाड्याने राहून बघा. आणि यादीत लातूर का नाही? घरून काम करायची मुभा दोघांपैकी एकाला असेल तर निदान त्याची चर्चा तरी व्हावी. नवरा नाही म्हणेल. म्हणू द्या. पण "आपलं राज्य" म्हणताना त्याने कोणती रेघ कुठे ओढलीय, हे त्या नकारातून दोघांनाही दिसेल.

आता ताजा कलम. तुम्ही म्हणता त्याचा याच्याशी संबंध नाही. मला वाटतं, निम्मं पत्र तिथूनच आलंय. गाव एका तोंडाने म्हणतं, तू आमचीच, आणि दुसऱ्या तोंडाने म्हणतं, लिहून दे की इथे तुझं काही नाही. मग माणूस आपलं काय उरलं ते शोधायला लागतो आणि शोधता शोधता थेट महाराष्ट्रापर्यंत जातो. यात एक गोष्ट तुमच्या ध्यानात यावी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क, हे केंद्राच्या कायद्यात २००५ ला आलं. महाराष्ट्राने ते १९९४ लाच करून ठेवलं होतं, अकरा वर्षं आधी. राज्याने दिलेलं आहे. परत मागतंय ते घर.

भाऊ दुष्ट आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे बहिणी सही करतात, साडी-चोळी घेतात आणि माहेर टिकलं म्हणतात. त्यालाही तसंच ठाऊक असेल. शिवाय त्याची एक खरी अडचण असते, ती समजून घ्या. वडिलांच्या पश्चात वारसाचा फेरफार होऊन सातबाऱ्यावर आई, तो आणि तुम्ही अशी तीन नावं लागली असतील, तर पीककर्जासाठी बँक सहहिस्सेदारांची संमती मागते, विम्याच्या वेळीही तेच. तुम्ही बेंगळुरूत, त्याची खेप वाया. हीच अडचण असेल तर त्यावर संमतीपत्र पुरतं, दरवर्षी वेळेवर करून पाठवा. मागायची वेळ येऊ देऊ नका. त्यासाठी हक्क सोडायची गरज नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदलं की ते सहजासहजी फिरत नाही, फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. खर्च किरकोळ असतो, पाचशेच्या मुद्रांकावर काम होतं, त्यामुळे दिवाळीच्या सुटीत फराळ आणि सही एकाच दिवशी उरकायची पद्धत पडली आहे. ती तुम्ही पाळू नका.

पुढे मनापासून द्यावंसं वाटलं तर द्या. भावाकडे सहा महिने पाणी नसतं आणि तुमच्याकडे पगार येतो, हा विचार करून दिलं तर त्यात काही वावगं नाही. घरातली एक खोली आणि कोपीची जागा ठेवून बाकी दिलं, असंही लिहिता येतं. पण "मी गाव सोडून गेले, मला कुठे हक्क मागायचा" या भावनेने सही करत असाल तर थांबा. गाव तुमच्या भावाच्या मित्रांनीही सोडलंय, कोणी पुण्यात आहे, कोणी हैदराबादेत, त्यांच्याकडून कोणी हक्कसोड लिहून घेतलेलं नाही.

मसुदा वाचायला स्वतःचा वकील गाठा, लातूरचा असला तरी चालेल, भावाच्या ओळखीचा नको. आईचा हिस्सा त्याच कागदात गुंडाळलाय का, ते आधी बघा. आणि हे बोलणं फोनवर करू नका, येळवशीला जाल तेव्हा आईसमोर बसून करा. नवऱ्याला त्या बैठकीत नेऊ नका. कराडच्या जावयाने जमिनीत तोंड घातलं की औशात कोणी ऐकून घेणार नाही, आणि गप्प बसणं त्यांना जमेल असं तुमच्या पत्रावरून काही वाटत नाही.